सव्वा मूठ

मशीनमधल्या कार्डावरचा छोटा पंखा अर्धा फिरला आणि थांबला. एका पात्यावर गुलाबी धाग्याची लव चिकटली होती — खाली साड्यांचे काठ कापतात, तिथून ती जिना चढून कुठेही येते, केसांत येते, डब्यात येते, पाण्याच्या ग्लासात तरंगते — आणि त्या गुलाबी ठिपक्यामुळेच योगिताला कळत होतं, की पंखा हलला. ठिपका वरून खाली आला, जरा डगमगला, थांबला. म्हणजे कार्डाला वीज मिळतेय. म्हणजे कार्ड मेलेलं नाही. मेलेलं असतं तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं. मेलेल्याचं काय करायचं ते निदान माहीत असतं, नवं आणायचं. हे जिवंत होतं आणि कुणाचंच ऐकत नव्हतं.

सचिनच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या छपाई कारखान्यात वरच्या मजल्यावर एक थंड खोली आहे आणि त्या खोलीत एक मोठं मशीन. खरं तर दोन. एकाच्या पोटात दुसरं, नुसतं प्रोग्रॅमचं बनलेलं — व्हर्च्युअल. बाहेरचं मशीन छपाईच्या रंगांचं गणित करतं, आतल्यावर दत्तूभाऊ साड्यांची डिझाइनं काढतात, कारण त्यांचा डिझाइनचा प्रोग्रॅम बाहेरच्यावर चालत नाही. आतल्याला चित्र दाखवायचं तर ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि ते बाहेरच्याने आपल्या हाताने सोडून आतल्याला देऊन टाकायचं असतं. अगदी देऊन टाकायचं, मग त्यावर हक्क सांगायचा नाही. शेठ दोन मशीनं घ्यायला तयार नव्हते, तेव्हा दोन वर्षांपूर्वी ही युक्ती योगितानेच महिनाभर डोकं खाजवून बसवली होती, आणि ज्या दिवशी ती चालली त्या दिवशी शेठने तिला पहिल्यांदा केबिनमध्ये बसायला खुर्ची दिली होती. आपल्या हुशारीचं कौतुक तिला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरलं. घरी सांगायला गेली तर कुणाला कळलं नाही, आई म्हणाली, बरं झालं, पाय धू.

काल संध्याकाळी आतलं मशीन अपडेट घेऊन आपलं आपण बंद झालं. पुन्हा चालू केलं, तर कार्ड नाही. आतल्याला सापडत नाही, बाहेरच्याला परत मिळत नाही, नोंदीत तीच ती ओळ — कार्ड रीसेटला प्रतिसाद देत नाही. दत्तूभाऊंच्या स्क्रीनखाली पिवळा दिवा मिणमिणत राहिला. सगळं बंद करून तीन मिनिटांनी चालू केलं असतं तर कार्ड मुकाट्याने ताळ्यावर आलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण बाहेरचं मशीन काल दुपारपासून एका मोठ्या ऑर्डरचे रंग वेगळे करत बसलं होतं, ते उद्या दुपारी संपणार, आणि मध्ये वीज तोडली तर सगळं पाण्यात. शेठला दोन्ही हवं होतं. सकाळी दारातूनच म्हणाले, ‘सांज सुधीमां थई जशे ने, बेन?’ संध्याकाळपर्यंत होईल ना, आणि ती हो म्हणाली. हो म्हणायला तिला कधीच वेळ लागत नाही. मागायचं म्हटलं, की मात्र जीभ टाळूला चिकटते.

आणि आज तर मागायचंच होतं.

सकाळी नवागामच्या घरून निघताना आई उंबऱ्यापर्यंत आली होती. उद्या रविवार, घरात कानबाई देवी बसणार, म्हणून आज संध्याकाळी रोटाचं, देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचं, धान्य मोजायचं. घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू, तेवढ्याच हिशेबाने चण्याची डाळ, मग ते उखाच्या चक्कीवर दळायला जाणार. उखा आजच्या दिवशी चक्की धुऊन ठेवतो आणि सातला बंद करतो. ‘दयन मोजानं शे, सांजले लवकर ये,’ आई म्हणाली, आणि मग, तिच्या हातात कुठलं काम द्यायचं हे न सुचून, येताना विड्याची पानं आण म्हणाली. चार पुरुष. बाबा, धाकटा भाऊ कुंदन, कुंदनचे दोन मुलगे. त्या पिठाचे रोट सोमवारी कुळातली माणसं खाणार, बाहेरच्याला त्यातला घास द्यायचा नाही, उरला तर पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचा. रंजनावहिनी खाणार, कारण ती लग्न करून कुळात आलेली. योगिता खाणार नाही, कारण ती लग्न करून कुळातून गेलेली. गेली ती आठ वर्षं, आणि परत येऊन पाच झाली, पण गेलेली ती गेलेलीच; आईने दर वर्षी न चुकता तिच्यासाठी वेगळ्या पिठाची पोळी केली, वेगळ्या ताटात, वर तूप जास्त. ते जास्तीचं तूप तिला सर्वांत जास्त लागायचं.

इतकी वर्षं निदान कागदावर ती सासरची, दोंडाईच्याची होती, म्हणजे तिथल्या कुठल्यातरी सुपात, तिथल्या कुणाच्यातरी मुठीच्या आडोशाला… गेल्या महिन्यात फारकतीचे कागद आले आणि तेही संपलं. तेव्हापासून तिच्या डोक्यात हे एकच. बाबांना विचारायचं. माझ्या नावाची एक मूठ टाका. बास, एवढंच, पुरुष नसले तरी, कुळाची नसले तरी, रोज त्याच घरात जेवते, त्याच मोरीत अंघोळ करते. पाच महिने नाही, पाच वर्षं. आणि छत्तिसाव्या वर्षी एका बाईने आपल्या बापाकडे मूठभर गहू मागायचे, याचं तिला हसू येत होतं.

तिने कार्ड यादीतून काढून टाकलं. बाहेरच्या मशीनला पुन्हा सगळं शोधायला लावलं. कार्ड यादीत परत आलं, नाव, नंबर, सगळं बरोबर, आणि तरी मुकं. कार्डाचे दोन भाग असतात, एक चित्राचा, एक आवाजाचा. दोघांचा गट एकच, एकाला पाठवलं की दुसऱ्याला पाठवावंच लागतं. आवाजाचा भाग शहाण्यासारखा आतल्या मशीनमध्ये जाऊन बसला, चित्राचा हलेना. मग दोघंही परत. पुन्हा तेच. अकरा वाजले, बारा वाजले. थंड खोलीत तिची बोटं गार पडली आणि तिने ओढणी गळ्याभोवती गुंडाळून घेतली.

दत्तूभाऊ मागे स्टुलावर बसून होते. पंचावन्नचा माणूस, मूळ शिंदखेड्याकडचा, एके काळी आलेखाच्या कागदावर पेन्सिलने कोयऱ्या काढायचा. स्क्रीन काळी असली की त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. त्यांची दोनदा नखं कापून झाली. शेवटी विचारलं, नक्की झालंय काय, मला कळेल असं सांग. तेव्हा तिने सांगितलं, सोपं करून — बाहेरच्याने कार्ड देऊन टाकलं, ते आतल्याचं झालं, आतलं बंद पडलं, आता आतलं त्याला ओळखत नाही आणि बाहेरचंही जवळ घेत नाही, ते मधेच अडकून पडलंय. दत्तूभाऊंना एकदम उजाडलं. मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘म्हंजे सासरनं बी नही आन माहेरनं बी नही.’

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा असा काही पडला, की योगितालाच त्यांची दया आली. ती म्हणाली, अगदी तसंच, भाऊ. ते चहा आणतो म्हणून उठले. चहा तर शिपाई आत्ताच देऊन गेला होता.

ती रागावली नाही. रागावण्यासारखं काय होतं त्यात… पण तिला अशा उपमा आवडत नाहीत. कार्ड म्हणजे कार्ड. त्याला अखाजी नसते. अखाजीच्या सणालाच माहेरी आली होती ती, पाच वर्षांपूर्वी, सगळ्या लेकी येतात तशी, एक निळी बॅग घेऊन, चार दिवसांसाठी. भांडण नव्हतं झालं. भांडण झालं असतं तर गल्लीला सांगायला काही तरी असतं. आठ वर्षांत मूल झालं नाही, आणि शेवटच्या दोन वर्षांत घरातली माणसं तिच्याशी फक्त कामापुरतं बोलायला लागली होती, मीठ दे, दार लाव, आणि नवरा तर तेवढंही नाही. चार दिवस झाले, न्यायला कुणी आलं नाही. आठ झाले. सणवार संपले, शेजारच्या लेकी गेल्या. मी बॅग उघडली नव्हती. आज येतील, उद्या येतील, कपडे काढले की पुन्हा घड्या घालाव्या लागतील, म्हणून वरचेच दोन ड्रेस धुऊन धुऊन घालत होते… मग एक दिवस आईने काही न बोलता ती बॅग पलंगाखाली सरकवली. अजून तिथेच आहे. फोन मीही केला नाही, त्यांनीही केला नाही. एवढ्या मोठ्या संसाराचा शेवट कुणी आवाजसुद्धा न करता झाला, याची लाज तिला अजून वाटते.

दुपारी डबा खाता खाता ती इंटरनेटवर शोधत राहिली. जगात कुठे कुठे माणसं हेच करत बसली होती, हेच कार्ड, हीच ओळ. एकाने आठ वर्षांपूर्वी अगदी तिच्याच शब्दांत आपली अडचण लिहिली होती, आणि खाली त्यानेच लिहिलं होतं, सुटलं, धन्यवाद. कसं सुटलं ते लिहिलं नव्हतं. तिने त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात खानदेशी शिव्या घातल्या. लोकांना आपलं सुटलं की बास. मागे कुणी तरी अडकून राहील, हे कुणाच्या मनातही येत नाही. ती खाली खाली वाचत गेली. आणखी एका पानावर कुणीतरी लिहिलं होतं, मशीन बंद करू नका, झोपवा. एक मिनिट झोपवा आणि आपोआप उठू द्या. झोपेत कार्डाची वीज तुटते, ते पुन्हा पहिल्यापासून जागं होतं. आणि बाकीचं मशीन जे करत होतं ते स्मरणात तसंच राहतं, उठल्यावर तिथूनच पुढे चालू. खाली दोन जणांनी लिहिलं होतं, चाललं. एकाने लिहिलं होतं, उठलंच नाही.

तिने शेठना फोन लावला. नीट समजावून सांगितलं, काय होईल, काय होऊ शकतं. पलीकडे कुठल्या तरी लग्नाच्या खरेदीचा गलका होता. शेठ म्हणाले, ‘तमे जुओ, बेन.’ तुम्ही बघा. म्हणजे चाललं तर मशीन शेठचं आणि बुडालं तर चूक योगिताबेनची.

चूक या शब्दापाशी ती अडली. हात कीबोर्डवर, आदेश लिहून तयार, फक्त शेवटचं बटण दाबायचं, आणि ती नऊ वर्षांची. तेव्हा काका लोक एकत्र राहायचे, सात पुरुष होते घरात. बाबा लूमवरून येऊन अंघोळ करून सुपासमोर बसायचे, एक एक मूठ टाकायचे, वर चिमूट चिमूट सोडून सव्वा करायचे, आणि तोंडातल्या तोंडात नाव घ्यायचे, ज्याची मूठ त्याचं नाव. ते पाणी प्यायला उठले आणि तिने पोत्यात हात घातला. एक मूठ. आपली. तोंडातल्या तोंडात आपलं नाव घेतलं आणि सुपात सोडली. मूठ एवढीशी होती, कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण आईच्या हाताला वजन कळतं. दळण आलं, रोट झाले, आणि पीठ जास्त झालं म्हणून आईने ओळखलंच; हिच्याकडे बघितलं, हिने खाली बघितलं. देवीचं मोजलेलं पीठ, वाढवता येत नाही, टाकता येत नाही. काकू कुजबुजल्या, आता काही तरी होणार. बाबा म्हणाले, माझ्याच हातून चुकलं. आणि जास्तीचा तो कडक झालेला रोट पुढे तीन दिवस ते कामावर डब्यात नेऊन एकटेच खात होते.

झालं काहीच नाही. पण तिला वर्षभर धास्ती होती, कुणी शिंकलं तरी. तेव्हापासून तिने काही मागितलं नाही, न विचारता काही घेतलंही नाही. बाबांचं मात्र नावच पडलं. दर वर्षी, ती सासरी जाईपर्यंत, त्यांची मोजणी एकाने चुकायची. सातच्या आठ, पुढे काका वेगळे झाल्यावर दोनच्या तीन. घरात हसायचे सगळे. आई म्हणायची, तुम्हाला मोजताच येत नाही. नवऱ्याच्या त्या गमतीची गोष्ट आई अजून पाहुण्यांना सांगते, आणि बाबा भिंतीला टेकून, तंबाखू मळत, ऐकून घेतात.

चारला दहा कमी. पाचच्या आत निघालं तर सहाला घरी. तिने मनाशी वाक्य जुळवलं — बाबा, एक बोलायचं होतं. नको. बाबा, यंदा एक मूठ… तेही नको. प्रत्येक वाक्यापुढे कुंदनचा चेहरा यायचा. वाईट नव्हता कुंदन. पण तो नक्की म्हणाला असता, ताई, तुला काय कमी आहे या घरात. काहीच कमी नाही, तूपसुद्धा जास्तच आहे.

दत्तूभाऊ परत आले होते, दारातच उभे, हातात खारी बिस्किटांचा पुडा. त्यांनी तो तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि भिंतीकडे बघत विचारलं, ‘तुमन्या कितल्या मुठी यंदा?’ सकाळपासून बोलायचं त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. ‘चार,’ ती म्हणाली. आणि तिने बटण दाबलं.

मशीन झोपलं. आधी मोठा पंखा, मग छोटे, एकेक करून. दोन वर्षांत ही खोली तिने कधी अशी ऐकली नव्हती. खालच्या मजल्यावर कुणी तरी हसलं तेही इथे आलं, खिडकीवरच्या पत्र्याखाली कबुतर घुमत होतं तेही. साठ सेकंद. सव्वीस तास पंचेचाळीस मिनिटांचं गणित कुठे तरी अंधारात धरलेलं, आणि ते खरंच धरलेलं आहे की सुटलं, हे साठ सेकंद कुणालाच कळणार नव्हतं. तिला एकदम फार एकटं वाटलं. एवढं एकटं, की दारातल्या दत्तूभाऊंना आत येऊन बसा म्हणावंसं वाटलं, आणि तेही ती म्हणाली नाही.

फोन वाजला. आई.

योगिता म्हणाली, आई, एक मिनिट, पण आईला फोनवर एक मिनिट वगैरे कळत नाही. फोन लागला की ती बोलायलाच लागते. तिने सांगितलं, की बाबांना आज धीरच निघेना, चार वाजायच्या आतच सूप घेऊन बसले. आणि यंदा पुन्हा तेच. घरात चार माणसं, यांच्या मुठी पाच. कुंदनने बघितलं, रंजनाने बघितलं, सगळे हसले. आईने गहू परत पोत्यात ओतले होते.

‘इचारं, पाचवी कोनी, तं गप बठी राहिना तुना बाप,’ आई म्हणाली. ‘तेरा सालफाईन बरोबर मोजे. यंदाच काय जायं, देव जाने.’

योगिताने फोन दुसऱ्या कानाला लावला. पहिला कान चांगला होता, पण तिने बदलला. काळ्या स्क्रीनमध्ये तिचा स्वतःचा चेहरा दिसत होता आणि तो ऐकत होता. आठ सासरची वर्षं आणि नंतरची पाच… तेरा वर्षं बरोबर, आई म्हणते. म्हणजे ती दोंडाईच्याची होती तोवर बरोबर. तीस वर्षं लूम चालवलेला माणूस, इंचात किती धागे ते नुसत्या अंगठ्याने सांगणारा, त्याला चार मोजता येत नाहीत, असं आपण सगळे इतकी वर्षं हसत… मीही हसत होते. मी तर सगळ्यांत मोठ्याने.

‘ऐकी राहिनी का? आते तूच ये आन तूच मोज,’ आई म्हणत होती. ‘तुना हिसाब पक्का शे. तुना बाप बी तेच म्हने, योगीले मोजू द्या.’

पलीकडे सूप आपटल्याचा आवाज आला, कुंदनचा धाकटा काही तरी ओरडला, आणि त्या सगळ्याच्या मागे कुठे तरी, भिंतीला टेकून, एक माणूस काही बोलत नव्हता. ते न बोलणं तिला फोनमधून स्पष्ट ऐकू येत होतं. येते म्हण, तिने स्वतःला सांगितलं. चार म्हण. पाच म्हण. तिच्या हातून मोजायचं, चौघांसमोर, रंजनासमोर, आईच्या त्या वजन ओळखणाऱ्या हातांसमोर, आणि ज्याची मूठ त्याचं नाव घ्यायचं, आणि चारनंतर… चारनंतर सूप बाजूला सारायचं की पोत्यात पुन्हा हात घालायचा, हे आता कुणाला विचारायची सोय राहिली नव्हती. मागायचं वाक्य दिवसभर जुळवलं ते फुकट गेलं.

तिच्या मागे कुठे तरी खट्ट झालं. मोठा पंखा घरघरला, मग छोटे. दत्तूभाऊ दारातून पुढे आले, वाकून स्क्रीनखालच्या दिव्याकडे बघायला लागले, काही तरी म्हणाले. योगिताने मान वळवली नाही. फोन कानाशी तसाच होता, आणि मांडीवरचा उजवा हात उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता. नऊ वर्षांच्या मुलीची नाही, छत्तीस वर्षांच्या बाईची मूठ, चांगली मोठी, तिच्यात किती गहू मावतील याचा तिला आजवर कधी अंदाजच घ्यावा लागला नव्हता.